ठाणे-बेलापूर पट्ट्यात इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस: कागदपत्रं, पोर्टल आणि करार

महापे, रबाळे, पावणे, तुर्भे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्सची जागा निघाली की जाहिरातीत बरेचदा एक ओळ असते: 'आयटीआय पास, अप्रेंटिस पूर्ण'. ही अट पूर्ण होते ती राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राने, म्हणजे एनएसीने. आणि एनएसी मिळवायची तर कंपनीबरोबरचा तुमचा शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो. ठेकेदाराने 'ट्रेनी' म्हणून गेटपास दिला, वर्षभर पॅनेल रूममध्ये राबलात, पण करार झालाच नाही, तर ते वर्ष शिकाऊ उमेदवारीत धरलं जात नाही. अशी वर्षं फुकट गेलेली मुलं या पट्ट्यात कमी नाहीत.

शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. त्यानुसार किमान वय 14, पण धोकादायक उद्योगात 18. आपल्याकडे रासायनिक कारखाने भरपूर, त्यामुळे 18 पूर्ण असलेले बरे. इलेक्ट्रिशियनचा आयटीआय 2 वर्षांचा, त्यानंतरची उमेदवारी साधारण 1 वर्षाची. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि या मोजणीत कंत्राटी कामगारही येतात. म्हणून फक्त मोठ्या नावांच्या मागे न लागता मधल्या आकाराच्या युनिटमध्येही चौकशी करा.

कागदपत्रं मोजकीच आहेत: आधार, दहावीची गुणपत्रिका, आयटीआयचं एनटीसी (आयटीआय पास झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र), बँक पासबुक, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. अर्ज अडतो तो नावावरून. दहावीच्या कागदावर आडनाव आधी येतं, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. सावंतच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी 'व्ही', दुसऱ्या ठिकाणी 'डब्ल्यू'. पोर्टलवर नाव आधारवरून उचललं जातं, ते एनटीसीशी जुळलं नाही की पडताळणी अडकते. अर्ज करण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक एनटीसीवर असेल तर दुरुस्ती तुमच्या आयटीआयमार्फतच जाते आणि तिला वेळ लागतो. आधारची दुरुस्ती त्यामानाने लवकर होते. जन्मतारीख मात्र दहावीप्रमाणेच ठेवा.

बँकेचंही असंच. सरकारकडून विद्यावेतनाचा जो वाटा येतो (25 टक्के, महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये), तो थेट आधार-सीडेड, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. केवायसीसाठी आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. बँकेत 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग' असं स्पष्ट सांगून फॉर्म भरा. दोन खाती असतील तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात, मग मुलगा दुसऱ्याच पासबुकात एंट्री शोधत बसतो.

नोंदणी अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते. मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकला तर ऑफर आलेली कळतसुद्धा नाही. प्रोफाइल भरा, आधार ई-केवायसी करा, ट्रेड निवडा, ठाणे जिल्हा टाकून संधी शोधा, अर्ज करा. कंपनीने निवडलं की ऑफर येते. ती तुम्ही स्वीकारली की करार तयार होतो. कराराचा तपशील कंपनीने 7 दिवसांत पोर्टलवर भरायचा असतो. तुमच्या लॉगिनमध्ये करार क्रमांक दिसला की ट्रेड, सुरुवातीची तारीख, कालावधी आणि विद्यावेतन तपासून प्रत जवळ ठेवा. इलेक्ट्रिशियनच्या जागी 'हेल्पर'सारखं भलतंच काही लिहिलं असेल तर त्याच दिवशी एचआरकडून बदलून घ्या.

वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा पाहतात. लाल, पिवळी, निळी फेज ओळखता आलीच पाहिजे, तिथे चूक म्हणजे जिवाशी गाठ.

मुलाखतीत बहुधा स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टात नेणारा) जोडायला सांगतात. मोटरच्या वाइंडिंगच्या टोकांच्या डेल्टा जोडण्या अशा: यू1-डब्ल्यू2, व्ही1-यू2, डब्ल्यू1-व्ही2. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) मोटरच्या फेज वायरमध्ये असेल तर फुल लोड करंटच्या 0.58 पट सेट करायचा. 10 एचपी मोटर 14.5 अँपिअर घेत असेल तर सेटिंग साधारण 8.4. बरेच जण थेट 14.5 लावतात. मग ओव्हरलोड झाला तरी रिले पडत नाही आणि वाइंडिंग जळतं. मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावण्याआधी सप्लाय बंद करून टेस्टरने खात्री करता का, हेही बघतात.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगची पदवी असेल तर वाट वेगळी: नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेचं पोर्टल. त्याचं पश्चिम विभागाचं कार्यालय सायनला आहे.

रुजू झाल्यावर विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मिळायला हवं आणि शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (कायद्याने नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही. यात गडबड झाली तर कराराची प्रत आणि हजेरीची नोंद घेऊन सरकारी आयटीआयमधल्या शिकाऊ उमेदवारी कक्षात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.