हाय रिफ्रेश रेट गेमिंग मॉनिटर

हाय रिफ्रेश रेट गेमिंग मॉनिटर : जो मॉनिटर पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० पेक्षा बऱ्याच जास्त वेळा नव्याने काढतो तो. हे किती वेळा होतं ते हर्ट्झमध्ये मोजतात, १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ वेळा. नक्की कितीपासून ‘हाय’ म्हणायचं याची सर्वमान्य व्याख्या नाही, ७५ हर्ट्झच्या खोक्यावरही ‘गेमिंग’ छापलेलं असतं, पण या नोंदीत १२० आणि त्याच्या वरचेच धरलेत. ‘परवडणारा’ म्हणजे ज्यात बनवणाऱ्याने काही ना काही सोडून दिलंय असा मॉनिटर, आणि तो निवडायचा म्हणजे मुख्यतः काय सोडलंय ते आधी ओळखायचं, कारण हर्ट्झचा आकडा सहसा सोडलेला नसतो, तो तर खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो.

इथे एक गल्लत कायम होते. रिफ्रेश रेट मॉनिटरचा असतो, एफपीएस, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम (चित्रं), ग्राफिक्स कार्डचे असतात. कार्ड सेकंदाला ७० फ्रेम देत असेल तर १६५ हर्ट्झचा मॉनिटर ७० च नवी चित्रं दाखवणार.

६० चा उगम : हा आकडा वीजपुरवठ्यातून आला असं साधारणपणे मानतात आणि ते पटण्यासारखं आहे. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, युरोपात ५०, आणि सुरुवातीच्या टीव्हीत विजेच्या वारंवारतेशी जुळता वेग ठेवला की पडद्यावर सरकणारे पट्टे कमी त्रास द्यायचे. म्हणून अमेरिकेत सेकंदाला ६० फील्ड (अर्धी अर्धी चित्रं) झाली आणि युरोपात ५०. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचं मानक ठरलं तेव्हा ६० चे ५९.९४ झाले, आणि हा अर्धवट आकडा आजही विंडोजच्या यादीत दिसतो, बघणाऱ्याला वाटतं मॉनिटरच बिघडलाय. १९८७ च्या आयबीएमच्या व्हीजीए या ग्राफिक्स मानकामध्ये ६४०×४८० साठी सुमारे ६० हर्ट्झ होते, टेक्स्ट मोडला मात्र ७०. सीआरटीच्या (जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांच्या) काळात ६० वर पडदा लुकलुकायचा, डोळे दुखायचे, त्यामुळे लोक ७५ किंवा ८५ वर ठेवायचे, आणि रेझोल्युशन खाली आणून १०० च्या वर नेणारे गेमर तेव्हाही होते. म्हणजे हाय रिफ्रेश ही नवी गोष्ट नाहीच, ती मधे हरवली होती. एलसीडी आल्यावर लुकलुकणं गेलं आणि त्याबरोबर वर जायची गरजही गेली असं सगळ्यांनी धरलं, शिवाय सिंगल-लिंक डीव्हीआय या केबलची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेसोळा कोटी पिक्सेल, त्यात १९२०×१२०० ला ६० च्या वर फारसं काही बसतच नव्हतं.

१२० परत आले ते वेगासाठी नव्हे, थ्रीडीसाठी. २००९ च्या सुरुवातीला ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचा थ्रीडी व्हिजन चष्मा आला, त्यात दोन्ही डोळ्यांना आलटून पालटून चित्र दाखवायचं असल्याने प्रत्येकी ६० साठी १२० लागायचे, आणि सॅमसंगचा २२ इंची सिंकमास्टर २२३३आरझेड हा त्याच्याबरोबरच्या पहिल्या मॉनिटरांपैकी. थ्रीडीची हौस काही वर्षांत ओसरली. चष्मे कपाटात गेले पण लोकांच्या लक्षात आलं की चष्म्याशिवायही माउस किती मऊ चालतोय.

१४४ च का : यावर मतं वेगवेगळी आहेत. साधारण २०१२ पासून १४४ हर्ट्झचे मॉनिटर दिसू लागले, असुसचा २७ इंची व्हीजी२७८एचई हा सुरुवातीच्यांपैकी, आणि पुढच्या वर्षीच्या २४ इंची व्हीजी२४८क्यूईने हा आकडा घरोघर नेला. पहिलं मत असं की सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, २४ सक्क १४४, म्हणून १४४. ऐकायला छान आहे पण १२० हे सुद्धा २४ च्या पाढ्यात आहेत आणि वर ३० आणि ६० च्याही पाढ्यात आहेत, १४४ मात्र ३० नेही भागले जात नाहीत आणि ६० नेही नाही, म्हणजे नुसत्या सिनेमाच्या सोयीसाठी बदल केला असता तर तो तोट्याचाच झाला असता. दुसरं मत थ्रीडी सिनेमाकडे बोट दाखवतं, तिथे प्रत्येक फ्रेम प्रत्येक डोळ्याला तीनदा दाखवतात, २४ गुणिले ३ गुणिले २, परत १४४. यातली अडचण ही की पीसीवरच्या थ्रीडी चष्म्यांची व्यवस्था मुळात १२० वरच बांधलेली होती.

तिसरं मत तारेचं आहे आणि ते जास्त वजनदार वाटतं. त्या वेळी एवढा वेग नेणारी नेहमीची केबल म्हणजे ड्युअल-लिंक डीव्हीआय, तिची क्षमता व्यवहारात १६५ च्या दुप्पट, ३३० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३३ कोटी पिक्सेल. आता १९२०×१०८० चे होतात २०,७३,६००, त्याला १४४ ने गुणलं की २९ कोटी ८६ लाखांच्या आसपास. दर ओळीच्या आणि दर फ्रेमच्या शेवटी जी रिकामी वेळ सोडावी लागते ती जरा आवळून धरली की हे ३३ कोटींत बसतं, जेमतेम. १६० हर्ट्झला नुसते दिसणारे पिक्सेलच ३३ कोटी १८ लाख होतात, रिकाम्या वेळेला जागाच नाही. आणि २४ च्या पाढ्यात १४४ च्या पुढे येतात ते १६८, ते तर आणखी बाहेर. म्हणजे छत तारेने ठरवलं आणि छताखालचा गोल आकडा २४ च्या पाढ्याने, असं दोन्ही मतं जोडून म्हणता येतं, आणि हिशोब तरी तेच सांगतो. नंतर डिस्प्लेपोर्ट ही जास्त क्षमतेची जोडणी रुळली आणि छत उठलं. १६५ हा आकडा मुळात १४४ च्या पॅनेलला (मॉनिटरच्या आतल्या पडद्याला) ताणून काढलेला, २०१५ च्या सुमारास असुसच्या पीजी२७९क्यूमध्ये तो मेनूतून ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेग) म्हणून चालू करावा लागायचा, आणि आज १८० लिहिलेल्या काही मॉडेलांतही हीच तऱ्हा असते.

किती हर्ट्झ पुरे : हर्ट्झचे आकडे बघून फसायला होतं, मिलिसेकंदांत बघावं. ६० ला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला ६.९, २४० ला ४.२, ३६० ला २.८. म्हणजे ६० वरून १४४ वर गेल्यावर सुमारे ९.७ मिलिसेकंद वाचले, १४४ वरून २४० वर गेल्यावर २.८, आणि २४० वरून ३६० ला दीडसुद्धा नाही. पैसे मोजून घेणाऱ्याने हा एवढा हिशोब पाठ करावा. १४४ ते १८० च्या पट्ट्यात थांबून उरलेलं बजेट पॅनेलवर घालणं हेच बहुतेकांसाठी शहाणपणाचं, स्पर्धेत शूटर खेळणारे सोडून, कारण त्यांचे गेम हलके असतात आणि कार्ड खरंच २४० फ्रेम देतं.

डोळ्याला ६० च्या वर काही दिसत नाही हे जुनं वाक्य चूक आहे. लुकलुकणारा दिवा सलग वाटायला लागतो ती सीमा साधारण ५० ते ९० हर्ट्झच्या मधे कुठेतरी येते हे खरं, परिस्थितीनुसार ती बदलते, पण ती लुकलुकण्याची सीमा आहे, हालचालीची नाही. २०१५ च्या सायंटिफिक रिपोर्ट्समधल्या एका अभ्यासात चित्रात तीक्ष्ण कडा असतील तर ५०० हर्ट्झलाही लुकलुकण्याचा परिणाम माणसांना जाणवला होता. मॉनिटरवर मुख्य भानगड वेगळीच असते : एलसीडी एक फ्रेम पूर्ण वेळ धरून ठेवतो आणि डोळा मात्र वस्तूमागे सरकत राहतो, त्यामुळे चित्र डोळ्याच्या पडद्यावर फासलं जातं. सेकंदाला ९६० पिक्सेल धावणारी वस्तू ६० हर्ट्झला १६ पिक्सेल पुसट होते, १२० ला ८, २४० ला ४. पॅनेल कितीही चपळ असलं तरी हे एवढं राहणारच.

पॅनेल आणि रिस्पॉन्स टाइम : पॅनेलचे मुख्य प्रकार तीन, टीएन, आयपीएस आणि व्हीए. जुनं टीएन चपळ आणि स्वस्त, पण मान जरा हलवली की रंग बदलतात, आता नव्या खरेदीत फारसं कोणी बघत नाही. आयपीएस नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हिताचीने आणलं, रंग आणि कोन चांगले, कॉन्ट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्यातला फरक) साधारण १००० ला १, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३००० ला १ च्या घरात, काळा खरंच काळा, पण गडद रंगातून गडद रंगात जाताना काही स्वस्त व्हीए पॅनेलांना २० मिलिसेकंदांच्या वर लागतात. १४४ हर्ट्झला फ्रेम ६.९ ची, म्हणजे एक रंग पूर्ण होईपर्यंत तीन फ्रेम निघून गेल्या. रात्रीच्या लेव्हलमध्ये कॅमेरा फिरवला की झाडाच्या खोडामागे काळी शेपटी ओढत जाते ती हीच, याला स्मिअरिंग म्हणतात. संथ, अंधारे, गोष्टीचे गेम खेळणाऱ्याने व्हीए खुशाल घ्यावा, शूटरवाल्याने आयपीएसच.

खोक्यावरचं ‘१ एमएस’ (मिलिसेकंद) कशाचं ते वाचावं. जीटीजी म्हणजे एका राखाडी छटेतून दुसरीत जायला लागणारा वेळ, आणि तोही सहसा बदलाच्या १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंतच मोजतात, शिवाय छापतात तो सगळ्यात अनुकूल आकडा. एमपीआरटी (चित्र पडद्यावर किती वेळ दिसत राहतं त्याचं माप) ही पूर्ण वेगळी गोष्ट, ती बहुतेक वेळा बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) झपझप बंद-चालू करून मिळवलेली असते, त्यात पडदा मंद होतो आणि स्वस्त मॉडेलांत त्याच वेळी व्हेरिएबल रिफ्रेश (खाली बघा) चालत नाही. रंग बदलायचा वेग वाढवायला मेनूत ओव्हरड्राइव्ह असतो. तो सगळ्यात वर नेला की आकडा मिळतो पण हलणाऱ्या वस्तूच्या कडेला उजळ, उलटी सावली उमटते. मधली पायरी ठेवावी. वेसा या मॉनिटरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये पुसटपणासाठी क्लिअरएमआर आणि गेमिंगसाठी अ‍ॅडॅप्टिव्हसिंक डिस्प्ले असे दोन शिक्के काढलेत, खोक्यावर दिसले तर नुसत्या ‘१ एमएस’ पेक्षा त्यांच्यावर जास्त विसंबता येतं.

एकच पॅनेल तीन-चार ब्रँडच्या आत बसलेलं असतं, बनवणारे कारखाने मोजकेच, बीओई, एयूओ, एलजी डिस्प्ले, इनोलक्स वगैरे. तरी चित्र सारखं नसतं कारण ओव्हरड्राइव्ह कोणी किती मेहनतीने बसवलाय त्यात फरक असतो.

व्हेरिएबल रिफ्रेश : कार्डाची फ्रेम आणि पडद्याची वेळ जुळली नाही की चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं, त्याला टिअरिंग म्हणतात. पडद्यालाच कार्डाच्या तालावर चालवायची कल्पना २०१३ मध्ये एनव्हिडियाच्या जी-सिंकने बाजारात आणली, त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं मॉड्यूल लागायचं आणि किंमत चढायची. प्रतिस्पर्धी एएमडीने २०१४ च्या सुरुवातीला मॉड्यूलशिवायचं फ्रीसिंक दाखवलं, त्याच वर्षी वेसाने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये घेतलं, आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाच्या कार्डांवरही अशा साध्या मॉनिटरांचं व्हेरिएबल रिफ्रेश चालायला लागलं. परवडणाऱ्या मॉनिटरांसाठी ही तारीख १४४ च्या उगमापेक्षा मोठी आहे. घेताना रेंज (किती ते किती हर्ट्झमध्ये हे चालतं) बघायची : ४८ ते १४४ असेल आणि गेम ४० वर घसरला तर ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ८० वर चालवतो, पण ४८ ते ७५ अशी अरुंद रेंज असेल तर ४० चे ८० रेंजच्या बाहेर जातात आणि ही युक्ती बसत नाही.

रेझोल्युशन : २४ इंचाला १०८०पी (१९२०×१०८०) म्हणजे इंचाला सुमारे ९२ पिक्सेल, ठीक. २७ इंचाला तेच ८२ होतात, अक्षरं फाटल्यासारखी दिसतात, दिवसभर त्याच पडद्यावर वाचन-लेखन करणाऱ्याने हे टाळावं. २७ इंच १४४०पी (२५६०×१४४०) ला १०९, पण कार्डाला पावणेदोन पटीहून थोडं जास्त पिक्सेल ओढावे लागतात, म्हणून आधी कार्ड काय देतं ते बघून मग पडदा. एचडीआर ४०० चा (उजळ-गडद छटा जास्त दाखवण्याचा) शिक्का या वर्गात सोडून द्यावा, लोकल डिमिंगची, म्हणजे बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची, त्यात सक्तीच नाही. पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवाल्याला १२० च्या वरच्या हर्ट्झचा काही उपयोग नाही, पीएस५ ला १४४०पी सुद्धा २०२२ मध्ये मिळालं.

स्टँडमध्ये सगळ्यात आधी काटकसर होते, उंची बदलत नाही. मागे १००×१०० किंवा ७५×७५ मिमीची चार भोकं असली तर नंतर आर्म (मॉनिटर धरणारा, हलवता येणारा दांडा) लावता येतो.

केबल आणि सेटिंग : एचडीएमआय १.४ वर १०८०पी ला १२० पर्यंत, २.० वर १४४०पी ला १४४ पर्यंत, डिस्प्लेपोर्ट १.२ ला १४४०पी १४४ सहज. ‘एचडीएमआय २.१’ एवढ्यावर जाऊ नये, त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत आणि २.० च्याच ताकदीच्या पोर्टवरही ते नाव येऊ शकतं, म्हणून त्या पोर्टला किती रेझोल्युशन किती हर्ट्झला चालतं ते मॅन्युअलमध्ये शोधावं. आणि सगळं नीट घेऊनही कितीतरी लोक महिनोनमहिने ६० वरच खेळत राहतात, कारण विंडोज नवीन मॉनिटरला बऱ्याचदा ६० वरच सोडतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन आकडा स्वतः बदलावा लागतो. बदललाय की नाही ते बघायची साधी रीत : कोऱ्या करड्या पार्श्वभूमीवर माउस जोरात गोल फिरवायचा. ६० वर बाणाच्या सुट्या सुट्या प्रती दिसतात, मधे बोटभर फट. १४४ वर त्याच वर्तुळात दुपटीहून जास्त प्रती, एकमेकींना खेटून. यादीत मोठा आकडाच दिसत नसेल तर मॉनिटर परत करायच्या आधी केबल बदलून बघावी, आणि ती कार्डाच्या पोर्टमध्ये आहे का मदरबोर्डच्या, तेही.