नदीत पोहायच्या आधी पाण्याचा रिपोर्ट मागवा: माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कृष्णा काय, पंचगंगा काय, घाटावर आणि बंधाऱ्यावर पोरांची गर्दी होते, कोणी ट्यूब घेऊन कोणी पाठीला डबा बांधून, आणि पाणी कसंय विचारलं तर उत्तर एकच, "दिसतंय की स्वच्छ". सांडपाण्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत हो! म्हणून रिपोर्ट बघायचा, आणि तो बघणं आपला हक्क आहे.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे एमपीसीबी, राज्यातल्या नद्यांवर ठरलेल्या ठिकाणी बहुतेक करून महिन्यातून एकदा पाण्याचे नमुने घेतं आणि आकडे वेबसाइटवर टाकतं. आधी तिथेच बघा, फुकट आहे. तुमच्या घाटाजवळचे सलग वर्षाचे आकडे, तारखेसकट आणि सहीशिक्क्याचे हवे असतील तर मात्र माहिती अधिकार कायदा (आरटीआय) २००५ खाली अर्ज करायचा.

अर्ज कोण करू शकतं? भारताचा कुठलाही नागरिक. त्याच गावचा असायची गरज नाही, आणि माहिती कशाला पाहिजे हे सांगायची तर अजिबात गरज नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, त्यामुळे कोणी विचारलंच तर हे कलम ६(२) शांतपणे दाखवा.

कागदपत्रं फार लागत नाहीत. राज्याच्या माहिती अधिकार नियमांतल्या जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नाव, पत्ता, सही झालं. दारिद्र्यरेषेखालचे असाल तर फी नाही, फक्त दाखल्याची झेरॉक्स जोडा. अर्ज एमपीसीबीच्या तुमच्या भागातल्या उपप्रादेशिक कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्या, हाताने दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या म्हणजे घ्याच, कारण उत्तराची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. चुकीच्या ऑफिसात गेला तरी घाबरू नका, तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून पण अर्ज करता येतो, तिथे फी ऑनलाइन भरायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं, अर्जात मागायचं काय. आपल्याकडे नियम असा की एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० च्या आत, आणि "नदीच्या प्रदूषणाची सगळी माहिती द्या" असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येणार. त्यापेक्षा असं लिहा: "अमुक नदीवरील अमुक घाटाच्या सर्वात जवळच्या वरच्या व खालच्या बाजूच्या नमुना ठिकाणांचे गेल्या १२ महिन्यांचे पृथक्करण अहवाल, नमुना घेतल्याची तारीख व वेळ, आणि फीकल कोलिफॉर्मचे आकडे यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात." वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजू मुद्दाम मागायच्या, मध्ये गावाचा नाला येऊन मिळत असेल तर फरक लगेच कळतो.

फीकल कोलिफॉर्म हा शब्द अर्जात पाहिजेच. नुसता पीएच (पाणी किती आंबट-खारट, म्हणजे आम्ल की अल्कली) आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) बघून पोहण्याचं ठरवता येत नाही, विष्ठेतून आलेले जंतू किती आहेत याचा अंदाज ह्याच आकड्यावरून येतो. केंद्राने २००० साली अंघोळीच्या पाण्याचे निकष काढले त्यात फीकल कोलिफॉर्म १०० मिलिलिटरला ५०० पर्यंत चांगलं आणि जास्तीत जास्त २५००, सोबत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, पीएच ६.५ ते ८.५. रिपोर्टवर पेन घेऊन २५०० च्या वरचे महिने गोल करा, चित्र समोर येईल. आणि एक लक्षात ठेवा, महिन्यातून एकदाचा नमुना म्हणजे त्या दिवसाचं पाणी, मोठा पाऊस झाल्यावर नाले धुऊन सगळं नदीत येतं तेव्हा मागच्या महिन्याच्या चांगल्या आकड्यावर विसंबून पोरांना सोडू नका.

उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे. प्रतींचे पैसे पानाला २ रुपये, ते कळवतील तसे भरायचे, पण मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. आलंच नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प, प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.

जवळपास नमुना ठिकाणच नसेल तर स्वतः टेस्ट करून घ्यावी लागेल. लॅबला आधीच सांगा की नदीचं पाणी पोहण्यासाठी तपासायचंय, आम्हाला फीकल कोलिफॉर्मचा आकडा पाहिजे, नाहीतर ते पिण्याच्या पाण्याची टेस्ट करून "पिण्यास अयोग्य" लिहून देतात आणि त्याचा पोहण्यासाठी काही उपयोग नाही. बाटली लॅबकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, बिसलरीची चालत नाही, आणि भरली की बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

आकडे वाईट निघाले तर त्या प्रती जोडून ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी द्या, घाटावर सूचनेचा फलक मागा, आणि तीच तक्रार एमपीसीबीच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला, दोन्हीकडची पोच जपून ठेवा.