मुंबई बंदर बंद पडलेलं नाही

‘न्हावा-शेवा आलं आणि मुंबई बंदराला टाळं लागलं’, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर खाडीपलीकडे गेले, हे खरंच. पण जवाहर द्वीपावर तेलवाहू जहाजं आजही लागतात. तिथलं कच्चं तेल समुद्राखालच्या नळांतून माहुलच्या रिफायनऱ्यांत जातं. पिरपावच्या धक्क्यावर रसायनं उतरतात, इंदिरा गोदीतून मोटारी परदेशी रवाना होतात. वर्षाकाठी सहा कोटी टनांवर माल! भिंतीआड चालतं म्हणून दिसत नाही, एवढंच.

आणि हो, पूर्व किनाऱ्याची बरीचशी जमीन महापालिकेची नव्हे, केंद्राच्या अखत्यारीतल्या बंदर प्राधिकरणाची. तेव्हा याच जमिनीवरच्या ससून डॉकच्या, म्हणजे कुलाब्याच्या मासळी बंदराच्या, तक्रारी नगरसेवकाकडे नेऊन फारसं काही हाती लागत नाही.