ओवी

मराठीतील सर्वांत जुना आणि सर्वांत लवचिक छंद. तसेच कांडताना, दळताना, बाळाला झोके देताना स्त्रिया म्हणत आल्या ते गीत. ज्ञानेश्वरी ओवीत आहे आणि जात्यावर म्हणतात तीही ओवीच; मात्र या दोन ओव्यांचे नाते नेमके काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

उल्लेख व काळ : ओवीचा सर्वांत जुना म्हणून नेहमी दिला जाणारा निर्देश कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातला आहे. ग्रंथाचा काळ शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराचा मानतात, काही अभ्यासक तो ११३१ पर्यंत पुढे नेतात. त्यातील चरण असा : ‘महाराष्ट्रेषु योषिद्भिरोवी गेया तु कण्डने’. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक संकलकांनी ‘कण्डन’ हा शब्द ‘दळणकांडण’ असा सैल घेतला आणि या चरणाला सरळ जात्यावरच्या ओवीचा पुरावा ठरवले. ते तितकेसे बरोबर नाही. कांडण उखळ-मुसळाचे, तिथे घाव पडतो, मुसळ उचलले जाते, पुन्हा घाव पडतो. जाते अखंड फिरते, त्याला ठोका नसतो, घरघर असते. ओवीचा आखूड शेवटचा चरण मुसळ उचलण्याच्या विसाव्याशी जुळतो, असा तर्क करता येईल. तो मोहक आहे, सिद्ध मात्र नाही. लग्नघरी ‘घाणा भरताना’ मुसळाला आंब्याची पाने बांधून सुवासिनी हळद कांडतात आणि त्या वेळी घाण्याच्या ओव्या म्हणतात. सोमेश्वराच्या चरणाशी त्यातल्या त्यात जवळची अशी हीच चाल म्हणावी लागेल.

दुसरा निर्देश देवगिरीच्या यादव सिंघणाच्या (कारकीर्द सु. १२१० – १२४७) आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तला आहे. त्यात ओवीचे लक्षणच दिले आहे : देशभाषेत गायिलेले, प्रासयुक्त तीन खंड आणि त्यांच्या शेवटी ‘ओवी’ हे पद. यातला ‘प्रासयुक्त तीन खंड’ हा भाग पुढच्या ग्रंथी (ग्रंथांत लिहिलेल्या) ओवीशी तंतोतंत जुळतो. शेवटी येणारे ‘ओवी’ हे पद मात्र ग्रंथांत दिसत नाही. जात्यावर ते दिसते, पण सुरुवातीला : ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ अशी गणती करत दळणाला हात घालायची रीत सर्वत्र आहे.

व्युत्पत्ती : ‘ओवणे’ (फुले किंवा मणी दोऱ्यात गुंफणे) या धातूपासून ओवी, हे मत सर्वाधिक रूढ आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील ‘तेणें आबालसुबोधें । ओवीयेचेनि प्रबंधें । ब्रह्मरससुस्वादें । अक्षरें गुंथिलीं’ या ओवीत ‘गुंथिलीं’ हे क्रियापद आल्याने या मताला बळ मिळते. मात्र कवीने आधीच रूढ असलेल्या नावावर केलेली ही कोटीही असू शकते. दुसरे मत असे की, ‘ओवी’ हे मुळात गाण्याच्या पालुपदात येणारे आळवणीचे पद असावे आणि पालुपदावरून गीताला नाव पडले असावे. शार्ङ्गदेवाचे लक्षण पाहता या दुसऱ्या मताकडे आजवर पुरेसे लक्ष दिले गेले नाही असे वाटते.

रचना : ग्रंथी ओवी साडेतीन चरणांची म्हणतात. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड व निर्यमक. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी पाहावी : ‘ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा’. अक्षरे अनुक्रमे सहा, सहा, आठ आणि चार. पुढच्या ओव्यांत हाच हिशेब मोडतो. चरण लांबतात, आखडतात, यमक तेवढे सुटत नाही. माधवराव पटवर्धन (माधव जूलियन) यांनी ‘छंदोरचने’त ओवीला वृत्त (लघु-गुरू अक्षरांच्या ठरावीक क्रमाची रचना) व जाती (मात्रांवर चालणारी रचना) यांच्यापासून वेगळे काढून अक्षरांवर चालणाऱ्या ‘छंद’ या वर्गात बसवले. या वर्गात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोजला जात नाही. ना. ग. जोशी यांनी भर लयीवर दिला. गायिली जाणारी ओवी समजून घ्यायला लयीची बाजू अधिक उपयोगी पडते, कारण कागदावरची अक्षरसंख्या आणि तोंडातली अक्षरसंख्या एक नसते. उदाहरणार्थ, पाठभेदांनी सर्वत्र आढळणारी ही ओवी :

अस्तुरी जल्मा नको देऊ सख्याहरी
रात न दिस परायाची ताबेदारी

छापल्यावर या दोन ओळी होतात. म्हणताना पहिली ओळ दोनदा येते, मध्ये ‘बाई’, ‘गं’, ‘सये’ शिरतात, खुंट्याला हात लावून समोर बसलेली दुसरी बाई ओळ उचलते, आणि जात्याच्या तोंडात वैरण (दळायच्या धान्याची मूठ) घालायला हात गेला की सूर तेवढ्यापुरता लांबतो. संग्रहांतून मिळतो तो सांगाडाच. शिवाय जात्यावरची बहुसंख्य ओवी अशी द्विपदी आहे, ‘संगीतरत्नाकरा’तली त्रिखंड ओवी नव्हे, म्हणजे आज ऐकू येणारे लोकरूप हेच मूळ आणि ग्रंथरूप त्यापासून निघाले, असे सरळ म्हणता येत नाही. दोन्ही रूपे एका जुन्या गेय रूपातून फुटली असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अभंग हा ओवीचाच बांधीव अवतार मानला जातो. ‘सुंदर तें ध्यान उभें विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां’ यात अक्षरे सहा-सहा-सहा-चार अशी नेमकी बसतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत येते.

ग्रंथपरंपरा : मुकुंदराजाचा ‘विवेकसिंधु’ (परंपरेने शके १११०, या काळाविषयी वाद आहे), ज्ञानेश्वरी (शके १२१२, सुमारे नऊ हजार ओव्या), एकनाथी भागवत, दासबोध, श्रीधराची ‘हरिविजय’, ‘रामविजय’ ही आख्याने. ज्ञानेश्वरांची ओवी साडेतीन चरणी आणि एकनाथांची साडेचार चरणी, असे म्हणण्याचा प्रघात आहे. महानुभाव महदंबेचे ‘धवळे’ (तेराव्या शतकाचा उत्तरार्ध) हे लग्नगीताच्या चालीवरचे. जनाबाईच्या नावावरच्या अभंगांत जाते व दळण येते, तर जात्यावरच्या ओव्यांत जनाबाई आणि तिला दळू लागणारा विठ्ठल येतो. यांपैकी आधी कोणते, हे ठरवणे कठीण आहे.

गोव्यात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स याने ख्रिस्तकथेसाठी हाच छंद घेतला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ओव्या अकरा हजारांच्या आसपास. लोकांच्या कानाला पुराण ओवीतच ऐकायची सवय होती, हे त्याने ओळखले होते.

ग्रंथांतून लोकांकडे परतणारा प्रवाहही मोठा आहे. पोथी देवळात, ओसरीवर वाचली जाई आणि ऐकलेली कथा पहाटे जात्यावर येई, पण जशीच्या तशी नाही. सीतावनवासाच्या ओव्यांत कैकेयी सीतेला रावणाचे चित्र काढायला लावते; सीतेने पाहिलेला असतो तो रावणाचा अंगठा, म्हणून ती अंगठाच काढते; उरलेले चित्र कैकेयी पुरे करते आणि रामाला दाखवते. वाल्मीकींच्या रामायणात हा प्रसंग नाही. तिथे वनवासाचे कारण लोकापवाद. जात्यावरच्या बाईने ते कारण घरात, सासूच्या हाती आणून ठेवले.

संकलन व आधुनिक काळ : साने गुरुजींचा ‘स्त्रीजीवन’ हा संग्रह नात्यागोत्याच्या क्रमाने लावलेला आहे. त्यानंतर सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने राज्य लोकसाहित्य समितीने केलेले काम आणि दुर्गा भागवत यांचे विवेचन महत्त्वाचे. जुन्या संग्रहांत ओवी कोणी म्हटली याची नोंद बहुधा नसते. ही उणीव पुण्यातील हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने भरून काढली : हजाराहून अधिक गावांतल्या लाखाच्या वर ओव्या, म्हणणारीचे नाव व गाव यांसह. २०१७ पासून त्या ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणांसह येत आहेत. त्यात डॉ. आंबेडकरांविषयीच्या ओव्यांचे मोठे भांडार आहे. भीमराव तिथे कुठे भाऊ म्हणून येतात, कुठे सोनेरी काड्यांचा चष्मा लावून.

बहिणाबाई चौधरी (१८८० – १९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने व आप्तांनी उतरवून घेतली, ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांतील कित्येकांचे चरण आठ अक्षरांचे असून भाषा खानदेशी आहे. जात्याला त्या ‘घरोटा’ म्हणतात.

पिठाची गिरणी गावोगाव पोचल्यावर रोजचे दळण थांबले. लग्नात हळदीसाठी जाते अजून मांडतात, त्याला सुपारी बांधतात आणि पाच ओव्यांपुरते फिरवतात.