डोमेन घेतलं म्हणजे नाव आपलं झालं का? डोमेन आणि ट्रेडमार्कमधला फरक

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखानदार ठोक व्यापाऱ्याबरोबर थेट गिऱ्हाइकालाही माल विकायचं ठरवतो. मोबाइलवर वेबसाइटसाठी नाव टाकून बघतो, 'उपलब्ध आहे' असं येतं, पैसे भरतो आणि त्याच आठवड्यात त्या नावाची लेबलं आणि खोकी छापायला टाकतो. घोटाळा इथेच होतो. 'उपलब्ध आहे' याचा अर्थ एवढाच की ही नेमकी अक्षरं, या नेमक्या शेपटीसह (डॉट कॉम, डॉट इन), अजून कुणी नोंदवलेली नाहीत. त्या नावाने दुसरा कुणी टॉवेल विकतो का, हे रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, तपासत नाही. ते त्याचं कामही नाही.

डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तोही भाड्याचा. एका वेळी कमीत कमी १ वर्ष आणि जास्तीत जास्त १० वर्षांसाठी तो घेता येतो. ट्रेडमार्क म्हणजे विशिष्ट मालासाठी ते नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याखाली तो मिळतो, अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालतो आणि पुढे दर १० वर्षांनी वाढवता येतो. डॉट इनचा कारभार निक्सी ही संस्था बघते, ट्रेडमार्कची नोंदणी केंद्र सरकारचं कार्यालय करतं आणि महाराष्ट्रातले अर्ज मुंबई शाखेच्या अखत्यारीत येतात. हे दोन विभाग एकमेकांना विचारून नावं देत नाहीत. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद), जीएसटी क्रमांक किंवा गुमास्ता यांनीही नावावर हक्क मिळत नाही, हेही इथेच सांगायला हवं. बरेच जण त्या कागदांच्या भरवशावर राहतात.

खरा फरक आहे तो डोळ्याचा आणि कानाचा. डोमेन अक्षर बघतं, ट्रेडमार्क उच्चार ऐकतो. समजा, टॉवेलसाठी 'मऊसूत' हे नाव सुचलं. रोमनमध्ये कुणी एम-ए-यू-एस-ओ-ओ-टी लिहील, कुणी शेवटी दोन 'ओ'च्या जागी एक 'यू' घालील, कुणी दोन शब्दांमध्ये आडवी रेघ टाकील. ही तीन वेगळी डोमेनं आहेत आणि ती तिघांना मिळू शकतात. ट्रेडमार्क तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र तिन्ही एकच वाटतात. म्हणून 'एक अक्षर बदललं, आता काही अडचण नाही' हा हिशेब डोमेनला चालतो, ट्रेडमार्कला चालत नाही. त्याच मालात आधीचं नोंदवलेलं नाव कानाला सारखं लागत असेल, तर कायद्याच्या ११व्या कलमाखाली हरकत येते.

उलट बाजूही आहे. ट्रेडमार्क वर्गावार मिळतो. मालाचे ३४ आणि सेवांचे ११ असे एकूण ४५ वर्ग आहेत. चादर आणि टॉवेल २४व्या वर्गात, तयार कपडे आणि शाळेचे गणवेश २५व्यात, चटणी आणि मसाले ३०व्यात येतात. एकच नाव एकाकडे टॉवेलसाठी आणि दुसऱ्याकडे शेंगाचटणीसाठी असू शकतं, दोघेही कायद्याने बरोबर. पण त्या नावाचं डॉट कॉम जगात एकच असतं, ज्याने आधी घेतलं त्याचं.

आता नाव निवडताना दोन्हींची ओढ विरुद्ध दिशांना असते, ते नीट समजून घ्या. 'सोलापुरी टॉवेल' किंवा 'सोलापूर चादर' असं डोमेन ऐकताक्षणी कळतं, सांगायला सोपं जातं. ट्रेडमार्क म्हणून तेच नाव सर्वांत कमकुवत. माल काय आहे आणि कुठला आहे एवढंच सांगणाऱ्या शब्दावर ९वं कलम एका माणसाला मक्तेदारी देत नाही. शिवाय सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. ते नाव इथल्या उत्पादकांच्या सामाईक मालकीचं आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून ते लेबलवर लावता येतं, पण एकट्याच्या नावावर करून घेता येत नाही. अशा डोमेनवर तुम्ही दुकान थाटू शकता, पण शेजारच्या गल्लीतल्याने तसंच दुसरं घेतलं तर त्याला अडवणं अवघड आहे.

'मऊसूत' त्याहून बरं, तरी पूर्ण निर्धोक नाही. टॉवेल मऊ असतो हे तो शब्द सांगतो, म्हणजे मालाचा गुण सांगतो, आणि अधिकारी मराठी शब्दाचा अर्थ विचारतातच. मालाशी काही संबंध नसलेला शब्द सर्वांत भक्कम. उदाहरणापुरतं बोलायचं तर टॉवेलला 'भुईकोट'. रोमनमध्ये सात अक्षरं, लिहिण्याच्या पद्धती फार तर दोन-तीन. सुरुवातीला गिऱ्हाइकाला सांगावं लागेल की हे टॉवेलचं नाव आहे. तेवढी मेहनत आम्ही परवडणारी मानतो. ज्यांना वर्णनही हवं, त्यांनी डोमेनमध्ये 'भुईकोटटॉवेल्स' असं जोडावं आणि ट्रेडमार्कचा अर्ज नुसत्या 'भुईकोट'चा करावा.

रोमन लिपीची एक चाचणी प्रत्येकाने करावी. सोलापूरचा माल हैदराबादला जातो, कलबुर्गीला जातो, तिथला व्यापारी मराठी वाचत नाही. त्याला फोनवर नाव एकदाच सांगा आणि त्याने काय लिहिलं ते मागवा. 'ळ', 'ण' आणि दीर्घ स्वर जिथे आहेत तिथे हमखास गडबड होते, कारण रोमनमध्ये त्यांना स्वतंत्र अक्षर नाही. चटणीचंच बघा: कुणी सी-एच-यू-टी-एन-ई-वाय लिहितं, कुणी सी-एच-ए-टी-एन-आय. पाच जणांनी तीन प्रकारे लिहिलं तर नाव बदला, किंवा सर्वांत जास्त येणारी दोन स्पेलिंगं घेऊन दुसरं पहिल्याकडे वळवा. दहा स्पेलिंगं घेत बसू नका, प्रत्येकाचं भाडं दरवर्षी भरावं लागतं. आकडे आणि आडवी रेघही टाळा. नियमाला चालतात, पण फोनवर सांगताना फसतात.

शेपटी कुठली, या प्रश्नावर वेळ घालवू नका. देशातच विकायचं तर डॉट इन पुरेसं, डॉट कॉमही मिळत असेल तर दोन्ही घ्या. डॉट भारत घेऊन देवनागरीत पत्ता मिळतो, तो फलकावर छान दिसतो, पण त्यावरचा ईमेल सगळीकडे स्वीकारला जाईलच असं नाही. त्यामुळे मुख्य पत्ता रोमनच ठेवा.

क्रम असा ठेवला की पैसे वाया जात नाहीत. आधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा सार्वजनिक शोध, तो मोफत आहे. आपला वर्ग टाकून आधी शब्दाने शोधा, मग उच्चाराने शोधण्याचा पर्याय निवडून पुन्हा शोधा. दुसरा शोध लोक सोडून देतात आणि मराठी नावांना तोच जास्त लागू पडतो. नाव मोकळं दिसलं की त्याच दिवशी डोमेन घ्या. लगेच टीएम-ए या फॉर्मवर अर्ज करा. ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये, वैयक्तिक मालक आणि लघुउद्योगांसाठी. इतरांना ९,०००. भागीदारी फर्म असेल तर सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्र जोडा. अर्ज दाखल झाला की नावापुढे टीएम लावता येतं. वर्तुळातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, मात्र नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय छापायचा नाही, कायद्याने मनाई आहे. हरकतीचा अहवाल आला तर उत्तराला ३० दिवस मिळतात. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापला गेल्यावर ४ महिने कुणीही विरोध करू शकतं. हे सगळं व्हायला वेळ लागतो, म्हणून खोकी आधी थोडीच छापा.

नाव आधीपासून वापरात असेल तर अर्जात वापराची पहिली तारीख लिहा आणि त्या काळातली बिलं जोडा. आपल्या कायद्यात नोंदणीआधीपासून नाव वापरणाऱ्यालाही संरक्षण आहे. डोमेनच्या नावालाही हे तत्त्व लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात मान्य केलं. कुणी तुमच्या नावाचं डॉट इन वाईट हेतूने बळकावलं तर निक्सीकडे वादनिवारणाची सोय आहे, पण तिथे तुमचा नावावरचा हक्क आधी दाखवावा लागतो. हातात ट्रेडमार्क असेल तर ते काम बरंच सोपं होतं.

दोन्ही गमावण्याच्या वाटाही वेगळ्या. ट्रेडमार्क सलग ५ वर्षं वापरला नाही तर तो रद्द करण्याची मागणी होऊ शकते. डोमेन नूतनीकरणाच्या एका चुकलेल्या ईमेलने जातं. डॉट कॉमची मुदत संपून ते रजिस्ट्रारने सोडून दिलं की ३० दिवस जादा दंड भरून परत मिळवता येतं, नंतर ५ दिवसांत ते सर्वांसाठी खुलं होतं. वेबसाइट आणि त्याच पत्त्यावरचे ईमेल मात्र त्याआधीच बंद पडलेले असतात. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर बघून घेऊ नका, नूतनीकरणाचा दर आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी बघा.

सर्वांत जास्त डोमेनं अडकतात ती वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात. त्याने स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने घेतलेलं असतं, आणि पुढे व्यवहार बिनसला की पासवर्ड मिळत नाही. खातं स्वतः उघडा. नोंदणीदार म्हणून ट्रेडमार्कच्या अर्जात जो मालक आहे तेच नाव, तसंच्या तसं लिहा. ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका, कारण डोमेन बंद पडलं की सूचना येणारा पत्ताही बंद पडतो. मोबाइल नंबर मालकाचा द्या, दुकानातल्या पोराचा नको.