शिसपेन्सिल, चिंध्या आणि हॉट प्रेस: ड्रॉइंगचा कागद असा कसा झाला

ड्रॉइंग पॅडच्या कव्हरवर हॉट प्रेस, अ‍ॅसिड फ्री, १००% कॉटन असं काय काय छापलेलं असतं आणि आपण फक्त जीएसएम (कागदाचं वजन) बघून मोकळे होतो. पण यातला जवळपास प्रत्येक शब्द जुन्या काळच्या कुठल्या तरी अडचणीतून आलाय, आणि ती अडचण कळली की कुठला कागद घ्यायचा हे बरंचसं आपोआप कळतं.

पेन्सिलीच्या आधी चांदीच्या टोकाने ड्रॉइंग करायचे. नुसत्या कागदावर चांदी नीट उमटत नाही, म्हणून आधी हाडांची राख आणि सरस यांचा लेप द्यायचा, आणि एवढं करून रेघ चुकली तर ती पुसणं जवळपास अशक्यच. मग १६व्या शतकात इंग्लंडमध्ये बोरोडेलला शुद्ध ग्राफाइट सापडलं. लोकांना ते शिसंच वाटलं, म्हणून तर आत शिशाचा कण नसताना आपण अजून शिसपेन्सिल म्हणतोय! ग्राफाइटला लेप लागत नाही, कागदाचे तंतूच कानशीसारखं त्याला खरवडून घेतात. म्हणजे अर्धं काम कागदच करतो.

इथेच गोची झाली. तेव्हाचा कागद चिंध्यांच्या लगद्याचा, तारांच्या साच्यात गाळलेला, त्यामुळे तारांच्या समांतर रेघा कागदात उमटायच्या आणि वर हलकं शेडिंग केलं की त्याच रेघा डोकं वर काढायच्या. कोळशाच्या चित्रात त्या छान दिसतात, पण पेन्सिलने चेहरा काढताना गालावर पट्टे आले तर काय करणार. १७५०च्या दशकात इंग्लंडमधले कागद बनवणारे जेम्स व्हॉटमन यांनी कापडासारखी बारीक विणलेली जाळी वापरून सलग पोताचा कागद केला, आणि १७५७ साली छापलेल्या एका पुस्तकात तो वापरला गेला. फ्रेंच चित्रकार अँग्र यांची प्रसिद्ध पेन्सिल पोर्ट्रेट्स अशाच गुळगुळीत कागदावर आहेत, आणि गंमत म्हणजे आज त्यांच्या नावाने विकला जातो तो कागद रेघांचा असतो!

१७९५ला फ्रान्सच्या कोंते यांनी ग्राफाइटच्या भुकटीत माती मिसळून पेन्सिल केली, कारण युद्धामुळे फ्रान्सला इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना. मातीचं प्रमाण बदललं की पेन्सिल कडक किंवा मऊ होते, मग कागदाचा प्रश्न अजून वाढला. २एच, ४एच अशा कडक पेन्सिली मऊ कागदात चर पाडतात, त्यांना घट्ट आणि गुळगुळीत म्हणजे हॉट प्रेस (गरम रुळांखाली दाबलेला) लागतो. उलट ६बीसारख्या मऊ पेन्सिलीला धरून ठेवायला थोडा दाणा (कागदाचा खरखरीतपणा) पाहिजे, फार गुळगुळीत कागदावर दोन थरांनंतर ती नुसती घसरते. माझं मत विचाराल तर शिकताना मध्यम दाण्याचाच घ्यावा.

खोडरबरही यात आहेच. आधी पावाच्या तुकड्याने पुसायचे, रबराने पुसता येतं ही नोंद १७७०ची. कागदाला जिलेटिनचं साइझिंग (कागद घट्ट करणारा, कमी शोषू देणारा थर) असेल तर तो घासाघास सहन करतो, नाहीतर सोलवटतो. १८०७ला जर्मनीच्या इलिग यांनी राळ आणि तुरटीचं स्वस्त साइझिंग आणलं, १८४०च्या दशकात लाकडाचा लगदा आला, कागद स्वस्त झाला पण तुरटीमुळे त्यात आम्ल आलं आणि काही वर्षांत पिवळा पडून तो तुकडे पडण्याइतका ठिसूळ व्हायला लागला. अ‍ॅसिड फ्री लिहायची वेळ आली ती यामुळे. रफ सरावाला त्याची गरज नाही, ठेवायच्या चित्राला मात्र आहे.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ए० कागद बरोबर तेवढाच असतो आणि ए४ त्याचा १६वा भाग, म्हणजे १६० जीएसएमचं ए४ पान १० ग्रॅमचं. यातून जाडीचा अंदाज येतो, दाण्याचा नाही, त्यासाठी पान तिरकं धरून उजेडात बघायचं.