निवांत बसल्यावर सगळेच सेल धडधाकट

यवतेश्वरचा घाट उतरताना मेहुण्याच्या गाडीत लाल त्रिकोण पेटला. कासची फुलं बघून मंडळी थेट सांगलीला जायची होती, ती मुक्कामाला साताऱ्यात माझ्याकडे आली. "दाजी, इंजिन चालू आहे, गाडी पळतीय, मग हे काय पेटलंय?" गाडी जुनी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला मोठ्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटरची जोड असलेली, सेकंडहँड घेतलेली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये संगणक जोडला तेव्हा पी०ए८० असा कोड निघाला. या कोडचा छापील अर्थ एकच, हायब्रिड बॅटरीचा संच बदला. खर्चाचा अंदाज ऐकून मेहुण्याने दोन कप चहा घेतला आणि गाडी भंगारात किती जाईल ते विचारलं.

माझं भांडण ‘बॅटरी गेली’ या दोन शब्दांशी आहे. बॅटरी अशी सगळी एकदम जात नसते.

हायब्रिड म्हटलं की टोयोटाच्या प्रियस गाडीचं नाव निघतं. ती १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली. तिच्या दुसऱ्या पिढीच्या बॅटरीचे आकडे या धंद्यातल्या लोकांना पाढ्यासारखे पाठ असतात. २८ मॉड्यूल म्हणजे सेलांचे बंद डबे, प्रत्येकात ६ सेल, म्हणजे १६८ सेल. एका सेलचे १.२ व्होल्ट, सगळे एकामागे एक जोडलेले, बेरीज २०१.६ व्होल्ट. क्षमता ६.५ अँपिअर-तास, म्हणजे एक अँपिअर प्रवाह साडेसहा तास. गुणाकार केला तर ही बॅटरी विजेचं सव्वा युनिट आणि वर थोडं साठवते. घरच्या वीजबिलावर छापतात तेच युनिट. आमच्या गाडीतली रचनाही अशीच होती.

आता ‘एकामागे एक’ म्हणजे काय ते बघू. गावाकडे घराचा स्लॅब पडताना घमेल्यांची रांग लागते. मिक्सरपासून माळ्यापर्यंत हातोहात घमेलं जातं. रांगेत पैलवान असो नाहीतर कालच तापातून उठलेला माणूस, दर मिनिटाला प्रत्येकाच्या हातून घमेली सारखीच जातात. थकलेल्याला ‘मी निम्मी घेतो’ म्हणायची सोय नाही. मागून येणारं घमेलं त्याच्या अंगावर येतंच. एकसरीच्या जोडणीतही प्रत्येक सेलमधून वाहणारा विद्युतप्रवाह अगदी सारखा असतो. चढावर गाडी बॅटरीतून ८०-१०० अँपिअर ओढते. ज्या सेलमध्ये एकच अँपिअर-तास शिल्लक आहे, तो १०० अँपिअरला ३६ सेकंदांत रिकामा होतो. उरलेले १६७ थांबत नाहीत. ते आपला प्रवाह त्या रिकाम्या सेलमधून रेटून नेतात, आणि तो सेल उलटा होतो. त्याचा धन ध्रुव ऋण होतो. द्यायचं सोडून तो इतरांचीच वीज खायला लागतो.

हे उलटणं मला फार आवडतं, म्हणून थोडं खोलात शिरतो. रसायनशास्त्र नको असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडून थेट घाटात यावं.

ही निकेल मेटल हायड्राइड बॅटरी. धन पट्टीवर निकेलचं हायड्रॉक्साइड, ऋण पट्टीवर लँथॅनमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंचं निकेलबरोबरचं मिश्रधातू, आणि दोन्हींच्या मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी. चार्ज करताना पाण्यातला हायड्रोजन त्या मिश्रधातूच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसतो. बसतो म्हणजे किती दाटीने? लँथॅनम-निकेलच्या अशा स्फटिकात हायड्रोजनचे अणू द्रवरूप हायड्रोजनपेक्षाही जास्त दाटीने मावतात. ना उणे २५३ अंशांची थंडी, ना जाड पोलादी टाकी. मला या धातूचं कौतुक आहे. वीज काढताना तोच हायड्रोजन बाहेर येतो आणि पुन्हा पाणी होतं. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ते मधलं पाणी, खर्च होत नाही, नुसता मध्यस्थ राहतो.

सेल बनवताना ऋण पट्टी मुद्दाम धन पट्टीपेक्षा मोठी ठेवतात. त्यामुळे जास्त चार्ज झाला तर धन पट्टी आधी भरते, तिच्यावर ऑक्सिजन सुटतो, तो ऋण पट्टीकडे जातो आणि तिथे त्याचं पुन्हा पाणी होतं. वायू जिरला, पण चार्जिंगची ती सगळी वीज उष्णता होऊन बसली. उलट्या दिशेलाही आधी धन पट्टीच संपते, आणि मग तिच्यावर हायड्रोजन सुटतो. तो हळू सुटला तर ऋण पट्टी त्याला सामावून घेते. भरभर सुटला तर सेलमधला दाब वाढतो, सुरक्षा झडप उघडते आणि वायू बाहेर जातो. गेलेला वायू म्हणजे गेलेलं पाणी. पाणी कमी झालं की अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला आतून होणारा अडथळा, वाढतो, रोध वाढला की त्याच प्रवाहाला सेल जास्त तापतो, आणि तापला की त्याचं पुढचं नुकसान आणखी वेगाने होतं. दुबळा सेल असा स्वतःच स्वतःला आणखी दुबळा करत नेतो.

आता घाट. कासचं पठार साताऱ्यापेक्षा साधारण ४५० मीटर उंच आहे. गाडी आणि माणसं मिळून १६०० किलो धरा. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, हे नववीचं सूत्र. उत्तर येतं सुमारे ७० लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ दोन युनिट. त्यातली निम्म्याच्या आसपास टायरचं घर्षण आणि हवा खाते. उरलेलं युनिटभर गाडी ब्रेकमधून बॅटरीत भरू बघते. पण बॅटरी टिकावी म्हणून संगणक तिला साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवतो. म्हणजे जागा जेमतेम अर्ध्या युनिटाची. ती घाटाच्या मध्यावरच भरते, आणि पुढचा उतार इंजिनच्या ब्रेकवर. ही गोष्ट निरोगी बॅटरीची झाली. संगणक टक्केवारी मोजतो ती सगळ्या संचाची. दुबळ्या सेलची क्षमताच कमी, तो केव्हाच काठोकाठ भरलेला असतो आणि तरी त्याच्यातून प्रवाह चालूच. म्हणजे चढताना हा सेल सगळ्यांआधी रिकामा आणि उतरताना सगळ्यांआधी भरलेला, दोन्हीकडून मार. मेहुण्याचा त्रिकोण घाट उतरतानाच पेटावा यात योगायोग काही नव्हता.

त्याच्या बंपरला काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची होती. लिंबाचा विजेशी संबंध मी नाकारत नाही. त्यात तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा खुपसला की पाऊण-एक व्होल्ट मिळतो. पण त्यासाठी ते बंपरला टांगून उपयोग नाही. मोबाईलवर फिरणारं ‘बॅटरी जिवंत करणारं द्रावण’ मात्र लिंबाहून वाईट, कारण लिंबू निदान स्वस्त असतं. हायब्रिडची मॉड्यूल कारखान्यातच सीलबंद होतात. पाणी घालायला झाकणच नाही, तर द्रावण ओतायचं कुठे?

मग आम्ही काय केलं ते सांगतो. आधी साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासली. ती उतरली की गाडीचे संगणक भलतेसलते कोड दाखवतात, आणि कित्येकांचा पहिला खर्च इथेच चुकतो. ती ठीक निघाली. मग दुसरी जागा, बॅटरीचा पंखा. ही बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते आणि सीटजवळच्या जाळीतून केबिनची हवा ओढून गार होते. मेहुणा सांगलीचा, हळदीच्या व्यापारातला. सीटवर नमुन्याच्या पिशव्या कायमच्या. जाळी त्या पिशव्यांनी झाकलेली, आणि पंखा बाहेर काढला तर पाती पिवळी धमक! सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती पंख्यात भरण्यासाठी नव्हे. सांगलीचा उन्हाळा आणि कोंडलेली हवा असली की संचाच्या मधली मॉड्यूल सगळ्यात जास्त तापतात, आणि आधी तीच जातात.

इथपर्यंत कुणीही करावं. यापुढे मात्र भीती बाळगूनच करावं. २०० व्होल्टचा डीसी जीव घेतो. नारिंगी सर्व्हिस प्लग काढल्यावर संच दोन भागांत तुटतो, पण दोन्ही भागांमध्ये धोक्याचा व्होल्टेज तसाच असतो. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमधली वीज उतरायला दहा मिनिटं थांबावं लागतं. घड्याळात बघून दहा, अंदाजाने नव्हे. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे, टेप गुंडाळलेले पाने, आणि अंगठी, गळ्यातली साखळी, मनगटातलं कडं काढून ठेवलेलं. मी एकट्याने हात घातला नाही. मिरजेहून मेहुण्याच्या ओळखीचा मोटर वाइंडिंगवाला बोलावला. त्याला हायब्रिड नवी होती, वीज नवी नव्हती. आणि लिथियमच्या बॅटरीला हे काहीच लागू नाही. आपल्याकडच्या टोयोटा इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्ये निकेलची बॅटरी आहे, मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये लिथियमची. लिथियम सेलमधला द्रव पेट घेणारा असतो. तो संच घरी उघडू नये.

२८ मॉड्यूल अंगणात मांडून मल्टिमीटर लावला. पहिलं ७.८ व्होल्ट, दुसरं ७.८, तिसरं ७.९. सगळी अशीच. मेहुणा म्हणाला, "दाजी, ही तर सगळी चांगली आहेत की!" निकेल बॅटरीचं गौडबंगाल इथेच आहे. पाव भरलेली असो की पाऊण, तिचा व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतो. त्यामुळे निवांत बसलेल्या सेलचे व्होल्ट बघून त्याच्यात किती वीज आहे ते कळत नाही, आणि त्याची क्षमता किती उरली आहे ते तर नाहीच. ‘सगळी मॉड्यूल रात्रभर समांतर जोडा, आपोआप समतोल होतात’ हा सल्लाही याच सपाटीवर घसरतो. व्होल्टेजमध्ये फरकच नसेल तर प्रवाह वाहील कशाच्या जोरावर?

म्हणून त्याला कामाला लावून बघायचं. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब घेतला. सात व्होल्टवर तो साधारण साडेतीन अँपिअर ओढतो. प्रत्येक मॉड्यूलला दोन-दोन मिनिटं जोडायचा, शेवटचा व्होल्टेज वहीत लिहायचा. अंधार पडेपर्यंत तेच केलं. पंचवीस मॉड्यूल साडेसातच्या आसपास थांबली, एक ७.२ ला. संचाच्या मधली दोन मात्र मिनिटाच्या आत ६ च्या खाली गेली. सहा सेलांपैकी एक शून्यावर आला तर उरलेल्या पाचांचे ६ व्होल्ट राहतात. त्याहून खाली म्हणजे तो एक उलटला. बल्ब मंद होताना आम्ही ते डोळ्यांनी पाहत होतो.

जोडपट्ट्या तांब्याच्या, टोकांना हिरवा थर आलेला. झिरपलेला पोटॅशियम हायड्रॉक्साइड अल्कली असतो आणि आम्लाने विझतो. वाइंडिंगवाला ॲसिड आणायला निघाला होता. बायकोने चिंचेचा कोळ दिला. आमचा बंब ज्याने घासायचो त्यानेच पट्ट्या लखलखीत झाल्या. मॉड्यूल परत बसवताना दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांनी ती घट्ट आवळावी लागतात, नाहीतर चार्ज होताना पोट फुगून वाकतात. नट मात्र टॉर्क पान्यानेच, कारण प्लास्टिकमध्ये बसवलेला खांब जास्त जोर लावला की फिरतो.

दोन जुनी-वापरलेली मॉड्यूल मिळवून बसवली, पंखा धुतला, कोड पुसला. त्रिकोण गेला. मी तेव्हाच बजावलं होतं की हा इलाज तात्पुरता आहे. २८ जण एकाच उन्हात, एकाच हळदीत म्हातारे झाले, त्यातले दोघे आधी पडले एवढंच. चार महिन्यांनी तो ७.२ वाला पडला. मग मेहुण्याने पूर्ण संच घेतला, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच झालं. गाडी विकायची असती तर एकेक बदलत बसणंही परवडलं असतं. रोज सांगली-सातारा करणाऱ्याला ते परवडत नाही.

उलटलेल्या दोन मॉड्यूलपैकी एक माझ्या टेबलावर आहे. परवा चार्ज करून रात्रभर ठेवलं. सकाळी मोजलं तर ७.८ व्होल्ट. शेजारच्या मुलाला म्हटलं, बल्ब लाव आणि घड्याळ बघ. चाळीस सेकंद.